उतारावरच्या खुर्च्या

आराखडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. कारखान्यातल्या लोकांनी ते त्याला बहाल केलं होतं, आणि तेही तो येऊन आठवडा उलटायच्या आत. धाकटीला ते इतकं आवडलं, की सख्ख्या भावाचं खरं आडनाव आपलंही आहे हे विसरून तीही पाठीमागे त्याला 'आराखडे साहेब' म्हणायला लागली. तोंडावर मात्र 'दादा'. तेवढी रीत तिने सांभाळली होती.

कारखाना खुर्च्यांचा. बाबांनी तरुणपणी एका शेडमध्ये सुरू केलेला, मग शेजारची शेड घेऊन वाढवलेला. एका बाजूला लोखंड कापायचं, वाकवायचं आणि जोडायचं, दुसऱ्या बाजूला लाकूड आणि गाद्या, आणि मधोमध रंगाची खोली, जिच्या वासाने नव्या माणसाचं डोकं उठायचं आणि जुन्याला त्याशिवाय करमायचं नाही. धाकटी शाळेतून सुटली की घरी न जाता इथेच यायची, आणि शिक्षण संपल्यावर कायमचीच आली. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून "हे इथे का पडलंय? ते तिथे का अडलंय?" करत दिवसभर भिंगरीसारखी फिरायची. समोर काम दिसलं की ते तिला तेव्हाच्या तेव्हा करायचं असे. ते आजच करायचं आहे का, आपणच करायचं आहे का, मुळात करायचं तरी आहे का, असले प्रश्न तिला पडत नसत. प्रश्न पडणं हे तिच्या मते रिकाम्या माणसाचं लक्षण होतं.

आणि रिकामा माणूस म्हणजे दादा. तो पूर्वी एका मोठ्या कंपनीत होता. तिथे नेमकं काय करायचा, ते घरात कुणालाही सांगता आलं नसतं. आई शेजारणींना सांगायची, "तो पुढचं बघतो." मग एकदा कंपनीनेच पुढचं बघितलं, तर त्यात तो नव्हता. झालं, स्वारी घरी आली.

आल्या आल्या त्याने खिडकी असलेली एकुलती एक खोली ताब्यात घेतली. तिची एक भिंत पांढरी रंगवून घेतली आणि त्या भिंतीवर तीन रकाने आखले. करायचं, चाललंय, झालं. रंगीत चिठ्ठ्या आणल्या. दर सोमवारी सकाळी सगळ्यांना त्या भिंतीसमोर उभं करायचं आणि एकेक चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची, याला तो बैठक म्हणायचा. बैठक आणि तीही उभ्याने! खुर्च्यांच्या कारखान्यात! गादीवाले काका, जे बाबांच्या वेळेपासून गाद्या भरत होते, ते पहिल्याच सोमवारी म्हणाले, "साहेब, बसायला काही आणू का? आपल्याकडे असतं." दादा हसला नाही. मोठ्या कंपनीत म्हणे उभ्यानेच करतात, बसलं की विचार मंदावतो.

"मग तुझा बसूनच गेलेला दिसतो," धाकटी पुटपुटली. पण ते वेल्डिंगच्या आवाजात विरून गेलं.

नव्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालं तेव्हा खरी कसोटी लागली. एवढं मोठं काम कारखान्याला यापूर्वी मिळालं नव्हतं. ते मिळवलं दादाने, हे खरं. पांढरा शर्ट घालून गेला, तिथल्या लोकांपुढे चित्रं लावून तास-दोन तास बोलला, आणि काम घेऊन आला. धाकटीच्या मते त्यात काय विशेष? जीभ उचलून टाळ्याला लावायला कष्ट पडत नाहीत. खुर्च्या बनवायच्या तर तिलाच होत्या.

त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "हे काम पार पडलं की मी उठणार. गुडघे बोलायला लागलेत. माझ्या जागी कोण बसायचं, ते मी काही आता सांगत नाही. हे कामच सांगेल."

दादाने मान डोलावली, जणू हेही त्याच्या कुठल्या तरी रकान्यात आधीच लिहिलेलं होतं. ती जागा धाकटीला हवी होती. हवी होती म्हणजे किती, ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं असतं तर ती हवरट दिसली असती, आणि न सांगता ती नुसती कष्टाळू दिसत होती. हात भाजले तिचे, कान बसले तिचे, आणि उद्या केवळ तो थोरला आहे आणि त्याला बोलता येतं म्हणून जागा त्याच्याकडे गेली तर? या विचाराने तिला राग येत नसे, भीती वाटे. रागाचा ती फक्त देखावा करायची.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्या शब्दाने घातला. या कारखान्यात 'झालंच' असा एक शब्द होता. बाबांनी सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा केला होता असं म्हटलं तरी चालेल. गिऱ्हाईक विचारायचं, "आमच्या खुर्च्यांचं कुठवर आलं?" बाबा म्हणायचे, "झालंच!" याचे अर्थ अनेक. काम उद्या संपेल, किंवा आज सुरू होईल, किंवा साफ विसरलो होतो, बरी आठवण केलीत. गिऱ्हाईकही इथलंच असायचं, त्यालाही अर्थ कळायचा. ते आणखी एकदा येऊन जायचं आणि तोवर खरंच झालेलं असायचं. बाबांचा हा शब्द धाकटीने जसाच्या तसा उचलला. ती तर दिवसातून इतक्यांदा 'झालंच' म्हणायची, की पोपटाला शिकवायला नको.

दादा मोठ्या कंपनीत राहून हा शब्द विसरला होता. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. कुणी 'झालंच' म्हटलं, की तो ती चिठ्ठी उचलायचा आणि थेट तिसऱ्या रकान्यात चिकटवायचा. मधला 'चाललंय' रकाना कायम रिकामा. येणारा-जाणारा भिंत बघून थक्क व्हायचा. इथे काही चाललेलंच नसतं, सगळं एक तर व्हायचं असतं किंवा झालेलं असतं! दादाला त्या रिकाम्या रकान्याचा अभिमान होता. काम कसं झपाट्याने उरकतंय याचा तो पुरावा होता म्हणे. एकदा उठून दोन पावलं शेडमध्ये जावं आणि खरंच झालंय का ते डोळ्यांनी बघावं, हे त्या शहाण्याच्या मनात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंटावरून खाली बघायला तरी हवं.

आणि धाकटी? तिची तऱ्हा आणखी वेगळी. नाट्यगृहाची जमीन रंगमंचाकडे उतरती असते, हे तिला माहीत होतं. खुर्ची उतारावर सरळ बसायची तर तिचे पाय त्या उतारानुसार कापावे लागतात, हेही माहीत होतं. म्हणून ती स्वतः तिथे गेली, पहिल्या ओळीच्या जागी गुडघे टेकून बसली, उताराचं माप घेतलं आणि तडक परत आली. पहिली ओळ झाली म्हणजे बाकीच्या तिच्यामागे आल्याच, रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारख्या. संध्याकाळच्या आत करवत चालू. गादीवाले काका म्हणाले, "ताई, मागे जाऊन बघितलंत का?" ती म्हणाली, "बघत बसले तर कापणार कधी?"

दादाने मागे जाऊन बघितलं नव्हतंच, पण नकाशा बघितला होता. त्या नकाशात उतार पुढे सौम्य होता आणि मागे मागे चढत गेला होता. म्हणजे मागच्या ओळींचे पाय वेगळे कापायला हवे होते. त्याने ते अचूक हेरलं आणि आपल्या जाडजूड आराखड्यात लिहूनही ठेवलं. कसं लिहिलं? "स्तरनिहाय उतारभिन्नतेस अनुसरून आधारांचे समायोजन." 'मागच्या खुर्च्यांचे पाय वेगळे कापा' एवढं लिहिलं असतं तर शाई संपली असती की काय कोण जाणे. पण सोपं लिहिलं की लोक मनावर घेत नाहीत, असा त्याचा सिद्धान्त होता. तो आराखडा त्याने बहिणीच्या टेबलावर ठेवला. तिने त्यावर ड्रिल मशीन ठेवलं.

मग सोमवारच्या बैठकीत त्याने विचारलं, "धाकटे, मागच्या ओळींचं समायोजन?"

समायोजन हे काय प्रकरण आहे ते तिला कळलं नाही. पण कारखान्यातल्या सगळ्यांसमोर, आणि त्यातही या आराखडे साहेबांना, "म्हणजे काय रे?" असं विचारणं तिच्या जिवावर आलं. असेल काही तरी नंबरांच्या पट्ट्यांचं. आज ना उद्या कळेल.

"झालंच," ती म्हणाली.

चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात गेली. दोघंही समाधानाने आपापल्या वाटेने गेले.

खुर्च्या बसवून झाल्या त्या दिवशी बाबा आणि दोन्ही मुलं तिथेच असताना नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई बघायला आल्या. शिडशिडीत, केसांत पेन्सिल खोचलेली, कमी बोलणारी बाई. पहिल्या ओळीत बसल्या, पाठ टेकली, मान हलवली. दादाने धाकटीकडे बघून स्मित केलं, कारण उद्घाटन लवकर केलं तरी चालेल असं तो त्यांना परस्पर सांगून बसला होता आणि त्यांनी आमंत्रणंही धाडली होती. मधल्या ओळीत बाई जरा चुळबुळल्या. मग त्या शेवटच्या ओळीत गेल्या आणि बसल्या. आधी त्यांच्या मांडीवरची पर्स निघाली. मग त्यांच्या पाठोपाठ त्या स्वतः.

"नवीन गादी आहे, जरा गुळगुळीत लागते," दादा म्हणाला. "बसून बसून..."

"मी कुठे बसलेय? मी उतरतेय," पुढच्या खुर्चीला धरून बाई म्हणाल्या. "लोक इथे नाटक बघायला येणार. तुमच्या खुर्च्या त्यांना नाटकात पाठवतायत."

"जमीनच वाकडी आहे," धाकटी बोलून गेली.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते तसं आहे हे जगात सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. बाईंनी पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "उद्घाटनाच्या आत सरळ करा. नाहीतर सगळ्या उचलून न्या, मी दुसऱ्यांना बोलावते." एवढं सांगून त्या गेल्या.

आता त्या मोकळ्या नाट्यगृहात मागच्या ओळीत एकटे बाबा बसले होते, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून. आणि मधल्या वाटेत त्यांची दोन पोटची पोरं.

"मी लिहिलं होतं," दादा म्हणाला.

"कुठे?"

"आराखड्यात. बाराव्या पानावर."

"मी खुर्च्या बनवते. पानं नाही."

"तू झालंच म्हणालीस!"

"झालंच म्हणजे झालं, असं कोण समजतं?"

"सगळं जग समजतं!"

"जग समजू दे. तू या घरात जन्मलास ना? बाबा लग्नाच्या वेळी आईला काय म्हणाले होते? घर बांधून झालंच! आठवतंय ना कधी झालं ते?"

"अरे, गप्प बसा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या हॉलमध्ये तो चांगला घुमला. "तो म्हणतो, हिला डोकं नाही. ही म्हणते, याला हात नाहीत. दोघंही अगदी खरं बोलता. एवढं खरं बोलणारी मुलं कुणाच्या पोटी येऊ नयेत."

दादाने पिशवीतून आराखडा काढला. ड्रिल मशीनच्या तेलाचा गोल डाग त्यावर अजून होता. बाराव्या पानावर प्रत्येक ओळीचा उतार खरोखर लिहिलेला होता. धाकटीने तो कागद हिसकावला, कारखान्यात गेली आणि त्या मापाच्या लोखंडी पाचरी कापून घेऊन आली. पुढच्या पायांखाली पाचर ठोकली की खुर्ची सरळ, एवढं सोपं होतं. पहिली पाचर सरकवली. खुर्ची मागे कलली.

दादाने नकाशावरून उतार घेतला होता. नकाशात होता तो रेखाटणाऱ्याच्या मनातला उतार. जमीन घालणाऱ्या गवंड्याच्या मनात दुसराच उतार होता, आणि त्याने तो घातला होता. हे कळलं तेव्हा धाकटी एवढी हसली, की वर दिवे लावणारा माणूस शिडीवरून वाकून बघायला लागला. भावाच्या चुकीने तिच्या जिवाला जो गारवा मिळाला, तो तिला दुसऱ्या कशानेच मिळाला नसता. आपलं काम बुडतंय हे ती तेवढ्यापुरती विसरली.

मग मात्र दोघांना खाली बसावं लागलं. पांढऱ्या शर्टाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर गुडघे टेकून बसला, पाणसळ लावून बुडबुडा मध्ये येतो का ते बघायला लागला, आणि आकडा मोठ्याने सांगायला लागला. धाकटी कापायची, ठोकायची. तिचा बेत असा, की एकेक ओळ घ्यायची, मापायची, कापायची, पुढची घ्यायची. काही ओळी तशा झाल्यावर दादा म्हणाला, "थांब जरा."

"थांबायला वेळ नाही."

"वेळ नाही म्हणूनच थांब. सगळ्या ओळी आधी मापू. मला वाटतं, यात तीन-चारच प्रकार निघतील. मग प्रत्येकीसाठी वेगळी पाचर कशाला? त्या-त्या प्रकारच्या एकदम कापून आण."

चारच प्रकार निघाले. ती ओळीनुसार कापत राहिली असती तर उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या पायाशी बसून कापत राहिली असती. हे तिला तेव्हाच लख्ख दिसलं. आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही, एवढी हुशारी तिच्याकडे होती. पण ते दोन-तीन दिवस काम असं झालं, की तिला मध्येच वाटून गेलं, हे असंच चालू राहिलं तर काय हरकत आहे? मग दादाने पाचर उलटी ठोकली आणि तिचं ते वाटणं तिथेच संपलं.

उद्घाटनाला व्यवस्थापक बाई मुद्दाम शेवटच्या ओळीत बसल्या. पहिला अंक संपला तरी जागेवरच होत्या. पर्ससुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा धाकटीला म्हणाले, "आजपासून तू बघ."

तिने कप खाली ठेवला. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं असं चहाबरोबर मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. "मीच?"

"त्याच्या हातात दिला तर कारखाना उद्या बंद पडेल," बाबा म्हणाले. "तुझ्या हातात दिला तर परवा. मला एक दिवस जास्त हवाय."

त्यातलं तिने 'तुझ्या हातात' एवढंच ऐकलं. बाकीचं ऐकायला थांबावं लागलं असतं.

"आणि दादा?"

"मी उठलो म्हणजे उठलो. त्याला ठेवायचा की नाही ते तू ठरव. त्या जागेवर बसायचं म्हणजे हेच असतं."

दादा त्याच दिवशी तिच्याकडे आला. हातात चिठ्ठ्या नव्हत्या, आराखडा नव्हता. समोर उभा राहिला आणि चक्क माणसासारखं बोलला. "धाकटे, हातातली कामं थोड्या दिवसांत संपतील. पुढचं आतापासून बघायला हवं. त्या बाईंच्या ओळखीने एका कॉलेजच्या सभागृहाचं बोलणं मी सुरू केलंय. एका दवाखान्याचंही आहे. अशा गोष्टींना महिनोन्महिने लागतात. चार वेळा जावं लागतं, बसावं लागतं."

"आधी हातातलं उरकू. मग बघू."

"हातातलं उरकल्यावर बघायला गेलीस तर..."

"दादा," ती म्हणाली, आणि हे वाक्य ती कित्येक महिने मनात घोळवत होती, "इथे नुसतं बसून बोलणारं माणूस आता परवडायचं नाही. ज्याला हात आहेत त्याने राहावं."

हे बोलताना तिला गंमत वाटली, हे खोटं नाही. तो काही तरी उत्तर देईल, भांडेल, म्हणजे तिला आणखी दोन वाक्यं बोलता येतील, अशी तिची अपेक्षा होती. तो फक्त "बरं" म्हणाला. खोलीत गेला, भिंतीवरच्या चिठ्ठ्या रंगांप्रमाणे वेगळ्या करून काढल्या आणि खिशात घातल्या. थोड्याच दिवसांत त्याला दुसरीकडे काम मिळालं. लोकांना धंदा कसा करावा ते सांगायचं काम. त्यात तो उत्तम कमावतो, असं आई शेजारणींना सांगते.

धाकटीने भिंतीवरचे रकाने ओल्या फडक्याने स्वतः पुसले. तिथे खिळे ठोकून हातोड्या, पाने आणि पकडी टांगल्या. सोमवारच्या बैठका बंद. आणि कारखाना काय धावला म्हणता! कुणी मध्ये थांबवणारं नाही, विचारणारं नाही. राहिलेल्या शाळेच्या खुर्च्या गेल्या, वाचनालयाची बाकं गेली, कोपऱ्यात धूळ खात पडलेली जुनी दुरुस्तीची कामंसुद्धा गेली. प्रत्येक काम वेळेच्या आधी. लोक म्हणायचे, ताईंच्या हाताला काय वेग आहे! तिलाही तेच वाटायचं. घाण्याच्या बैलालाही आपण बराच लांब आलो असंच वाटत असणार.

मग एका सकाळी ती शेडमध्ये आली आणि कुठलाच आवाज नव्हता. करवत बंद, वेल्डिंग बंद, रंगाच्या खोलीचं दार सताड उघडं आणि वास जवळजवळ गेलेला. सगळी माणसं हात धुऊन उभी होती. शेवटचं काम आदल्या दिवशी गेलं होतं.

तिने दादाच्या जुन्या खोलीत जाऊन व्यवस्थापक बाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं विचारलं. खुर्च्या ठीक आहेत ना? मग अगदी सहज विचारावं तसं, "काही नवीन काम आहे का तुमच्या ओळखीत?"

"काम?" बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाने त्या कॉलेजचं बोलणं जवळजवळ जमवत आणलं होतं की. मग एकदम येणंच बंद केलं. मला वाटलं, तुमच्याकडे कामाचा ढीग पडलाय. ते आता दुसऱ्यांना दिलं त्यांनी."

"हो ना," धाकटी म्हणाली. "काम फार आहे. मान वर करायला वेळ नाही."

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात, हे तरी ठीक. तिने तर विहीर खणणाऱ्यालाच हाकलून दिलं होतं. दादाला फोन करावा असं तिच्या मनात आलं. नंबर काढला. काय बोलणार होती? ये म्हणणार होती? कुठल्या तोंडाने? आणि तो आलाच असता तर त्याला द्यायला कुठे काय उरलं होतं? तिला दादाची आठवण आली, खरीखुरी, आणि त्या आठवणीचा तिला इतका संताप आला, की तिने फोन पालथा ठेवला.

गादीवाले काका दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे बाकीचे. सगळ्यांचे चेहरे नेहमीसारखे, तिच्याकडे बघणारे. ती सांगेल आणि हात चालू होतील, याची त्यांना अजून खात्री होती.

"ताई, आता काय घ्यायचं?"

तिने शेडभर नजर फिरवली. करायला काही तरी दिसायला हवं होतं. आजवर कायम दिसत आलं होतं.

"मशीनं पुसून घ्या."

"कालच पुसली की."

"मग परत पुसा," ती म्हणाली.

फडकी घेऊन सगळे आपापल्या मशीनपाशी गेले.